‘ऋण’ आणि ‘चालक’ : विल्यम्सन-विवर्धकाच्या निमित्ताने परिभाषेचा विचार

परिभाषेची चर्चा आपल्याकडे बहुधा शब्दाच्या सुबोधतेपाशी सुरू होते आणि तेथेच संपते. शब्द संस्कृत की देशी, उच्चाराला सुलभ की अवघड, हे प्रश्न गौण नव्हेत. परंतु पारिभाषिक शब्दाची खरी कसोटी निराळी आहे. त्या शब्दाच्या आधारे विचार करणारा वाचक योग्य निष्कर्षाप्रत पोहोचतो की नाही, ही ती कसोटी होय. प्रस्तुत टिपणात व्हॉल्व्हच्या ध्वनिविवर्धकासंबंधीचे दोन शब्द या कसोटीवर घासून पाहावयाचे आहेत : ‘निगेटिव्ह फीडबॅक’साठी ‘ऋण प्रतिपुष्टी’ आणि ‘ड्रायव्हर’साठी सहज सुचणारा ‘चालक’.

उदाहरण म्हणून डी. टी. एन. विल्यम्सन यांची रचना घेऊ. ‘वायरलेस वर्ल्ड’ या ब्रिटिश नियतकालिकात 1947 च्या एप्रिल व मे महिन्यांत ती प्रसिद्ध झाली. तिचे टप्पे चार. पहिला संकेत वाढवितो. दुसरा त्याचे परस्परविरुद्ध कलेचे दोन संकेत करतो. तिसरा, म्हणजे ड्रायव्हर, त्या दोहोंना बळ देतो. चौथ्यातील केटी 66 नलिकांची जोडी आउटपुट ट्रान्स्फॉर्मरमार्फत लाउडस्पीकरला 15 वॅट शक्ती पुरविते. ट्रान्स्फॉर्मरच्या दुय्यम वेटोळ्यावरील संकेताचा काही अंश परत पहिल्या नलिकेच्या कॅथोडला दिला जातो. ही प्रतिपुष्टी 20 डेसिबेलची असून विकृती 0.1 टक्क्याहून कमी राहते.

प्रथम ‘ऋण’. मराठीत या शब्दाचे दोन अर्थ जिवंत आहेत : गणितातले उणे आणि व्यवहारातले कर्ज. सुदैवाने येथे दुसरा अर्थ पहिल्याच्या मदतीला येतो. हॅरोल्ड ब्लॅक यांना 1927 मध्ये सुचलेल्या या कल्पनेचे मर्मच असे की, विवर्धन खर्ची घालून निर्दोषता मिळवावयाची. 20 डेसिबेल प्रतिपुष्टीने विवर्धन एक दशांश होते, विकृतीही साधारण त्याच प्रमाणात घटते आणि तेवढ्याच निर्गतासाठी आगत संकेत दसपट द्यावा लागतो. येथवर शब्द अर्थाशी इमान राखतो.

पण हे ऋण कोणी फेडावयाचे? प्रतिपुष्टीमुळे सर्वच टप्प्यांचा भार हलका होतो, अशी समजूत विद्यार्थ्यांत होणे स्वाभाविक आहे. ती चुकीची आहे. लाउडस्पीकरला 15 वॅट द्यावयाचे असतील, तर केटी 66 च्या प्रत्येक ग्रिडला सुमारे 40 व्होल्टचा शिखरदाब लागतो. प्रतिपुष्टी असो वा नसो, ही मागणी तीच राहते. वाढीव भार पडतो तो पहिल्या टप्प्याच्या आधी. ड्रायव्हरला सवलत अशी मिळतच नाही. उलट, अंत्य नलिका मर्यादेला पोहोचल्या की प्रतिपुष्टी उणीव भरून काढण्यासाठी ड्रायव्हरकडे अधिकच मागू लागते. त्याच्यापाशी शिल्लक नसेल, तर तोही मर्यादेला टेकतो. ग्रिडमधून प्रवाह वाहू लागल्यास जोडधारक भारित होतात आणि शिखर ओसरल्यानंतरही काही क्षण विवर्धक बधिर राहतो. प्रतिपुष्टी दोष कमी करते, ऐपत वाढवीत नाही.

यामुळेच ‘चालक’ हा शब्द पटत नाही. एस. टी.च्या गाडीत चालक आणि वाहक यांची कामे आपण नेमकी ओळखतो. गाडी कोठे न्यावयाची ते चालकाच्या हाती असते. प्रतिपुष्टीच्या वलयातील ड्रायव्हर मात्र मागे आलेल्या आणि पुढे मागितलेल्या संकेतांमधील फरकाचा आज्ञाधारक असतो. ‘चालक’ म्हटल्याने त्याच्याकडे नसलेली सत्ता येते, आणि जी ऐपत त्याच्यापाशी असावयास हवी, तिची मात्र आठवण राहत नाही.

‘ऋण’ शब्दातील दुसरी अडचण अधिक खोल आहे. हे विशेषण ऐकणारा ‘ऋणत्व’ हा जोडणीचा कायमचा गुण मानतो. वस्तुतः तो संबंध आहे, आणि तो कंप्रतेच्या एका पट्ट्यापुरताच टिकतो. जोडधारक आणि ट्रान्स्फॉर्मर हे पट्ट्याच्या दोन्ही टोकांना कला सरकवितात. हे सरकणे 180 अंश झाले आणि वलयाचे विवर्धन अद्याप एकाहून कमी झाले नसेल, तर ऋण ते धन होते आणि विवर्धक स्वतःच आंदोलित होतो. नायक्विस्ट यांनी 1932 मध्ये याचा निकष दिला. विल्यम्सन यांनी पहिले दोन टप्पे थेट जोडून एक धारक वगळला, ट्रान्स्फॉर्मरविषयी कडक अटी घातल्या, आणि 1949 च्या सुधारित आवृत्तीत पहिल्या टप्प्याच्या भाराला रोधक-धारकांची जोडी दिली, ती याच भयापोटी. सामान्य प्रतीचा ट्रान्स्फॉर्मर वापरणाऱ्याच्या हाती तेच मंडल अस्थिर ठरू शकते. सोस्यूर यांच्या विचारात चिन्हाचे मूल्य व्यवस्थेतील संबंधांवरून ठरते. येथे ‘ऋण’ या चिन्हाचेही तसेच आहे.

शब्दाने सर्व अर्थ वाहावा ही अपेक्षा अवाजवी आहे, ते काम व्याख्येचे, असा आक्षेप येईल. तो मान्य आहे. परंतु शब्द ज्या दिशेने चुकवितो, नेमक्या त्याच दिशेला व्याख्येने आडवे आले पाहिजे. म्हणून ‘ऋण प्रतिपुष्टी’ ठेवावी, मात्र व्याख्येत कंप्रतेच्या मर्यादेचा उल्लेख अनिवार्य करावा. ‘चालक’ सोडून रूढ ‘ड्रायव्हर टप्पा’ स्वीकारावा आणि त्याच्या व्याख्येत वलयाबाहेर मोजलेली त्याची ऐपत नोंदवावी. परका शब्द निदान खोटे आश्वासन तरी देत नाही.