दशमांशाच्या वह्या आणि वाट चुकलेली पाने

दशमांश हा शब्द आपल्याला बायबलमुळे परिचित आहे. मलाखी संदेष्ट्याच्या ग्रंथात तो देवाच्या भांडारात आणावयाचे अर्पण म्हणून येतो. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात आयर्लंडमध्ये त्याच नावाने जे वसूल होई, त्याला अर्पण म्हणणे कठीण आहे. कर भरावयाचा कॅथलिक शेतकऱ्याने आणि तो जावयाचा राजमान्य प्रोटेस्टंट चर्चच्या धर्मगुरूकडे! १८२३च्या कायद्याने हा कर रोख रकमेत ठरविण्याची सोय केली आणि त्यासाठी पॅरिशवार वह्या तयार झाल्या. त्याच 'टाइद ॲप्लॉटमेंट बुक्स'.

डब्लिनच्या राष्ट्रीय अभिलेखागाराने २०१२ साली या वह्यांची पाने सूचीसह संकेतस्थळावर विनामूल्य खुली केली. उपक्रम मोठा आहे आणि त्याबद्दल कृतज्ञताच वाटते. परंतु एखाद्या ग्रंथाची आवृत्ती तपासावी तशी ही आवृत्ती तपासली, तर आमचे मत इतके अनुकूल राहत नाही.

या वह्यांना एवढे मोल का? ३० जून १९२२ रोजी डब्लिनच्या फोर कोर्ट्समधील अभिलेखागार यादवी युद्धात जळाले आणि १८२१ ते १८५१च्या जनगणना, थोडे अवशेष वगळता, नष्ट झाल्या. पुढच्या चार जनगणनांचे कागद सरकारी आदेशानेच नाहीसे झाले होते. तेव्हा १८४५च्या दुष्काळापूर्वी कोणत्या शिवारात कोण राबत होते, हे पुष्कळदा या करवहीतच पाहावे लागते. ज्या करासाठी १८३१मध्ये कॅरिकशॉक येथे आणि १८३४मध्ये रॅथकॉर्मॅकजवळ एका विधवेच्या खळ्यावर रक्त सांडले, त्याच कराच्या वहीत त्या लोकांची नावे टिकून राहिली आहेत.

म्हणूनच येथे पान चुकीच्या जागी लागणे ही किरकोळ बाब नव्हे. एका पॅरिशची पाने दुसऱ्या पॅरिशच्या, प्रसंगी दुसऱ्या काउंटीच्या नावाखाली आढळतात. त्यात नामसाम्याची भर आहे. 'किल' म्हणजे चर्च. त्यामुळे किलमोर नावाच्या पॅरिश कॅव्हनमध्ये आहेत, वेक्सफर्डमध्ये आहेत, रॉसकॉमनमध्येही आहेत. शिवाय ही पॅरिश म्हणजे मुलकी पॅरिश. कॅथलिक धर्मग्रामाची सीमा तिच्याशी जुळेलच असे नाही. वह्या लिहिल्या गेल्या तेव्हा भूमापन खात्याने गावांच्या नावांचे लेखन ठरवून दिलेले नव्हते. कारकुनाने कानाला लागले तसे लिहिले. दीड शतकाहून अधिक काळानंतर सूचीकाराने डोळ्यांना दिसले तसे उतरविले. दोघांनाही दोष देववत नाही, तरी परिणाम व्हायचा तो होतोच. अमेरिकेतील एखादा वंशज आडनाव टाकतो, उत्तर येत नाही, आणि आपले घराणे तेथे नव्हतेच असा तो निष्कर्ष काढतो. पान मात्र शाबूत असते, शेजारच्या दप्तरात.

आमच्या मते आवृत्तीचा खरा दोष येथे आहे: ती वाचकाला व्यक्तीच्या नावाकडे घाईने नेते आणि पानाकडे पाहू देत नाही. पान मात्र स्वतःची साक्ष देते. त्यावर टाउनलँड, म्हणजे वाडीवजा शिवारे, एकापुढे एक येतात. त्यांतील चार-पाच नावे ग्रिफिथच्या १८४७ ते १८६४ दरम्यानच्या मूल्यांकनाशी ताडून पाहावीत. ती सारी दुसऱ्याच पॅरिशमध्ये सापडली, तर चूक कुटुंबाची नसून दप्तराची आहे, हे उघड होते. एकच नाव जुळले तर मात्र घाई करू नये. शेजारी जुळले पाहिजेत. आयरिश एकर कायदेशीर एकराच्या सुमारे १.६२ पट, हेही ध्यानात असावे. नाहीतर तेच शेत दुसरे वाटेल. उत्तरेकडील सहा काउंटींच्या वह्या बेलफास्टच्या अभिलेखागारात आहेत, तेथे वेगळा शोध घ्यावा लागतो.

आणि ही आवृत्ती निर्दोष झाली तरी शहरवासी व भूमिहीन मजूर तिच्यात सापडणार नाहीत. कर जमिनीवर होता. त्यांच्यासाठी राष्ट्रीय ग्रंथालयाने २०१५मध्ये खुल्या केलेल्या कॅथलिक नोंदवह्या आहेत, बाप्तिस्म्याच्या आणि विवाहाच्या. पश्चिमेकडील अनेक धर्मग्रामांत त्या वह्यांचे पहिले पानच दशमांशाच्या वहीनंतरचे आहे.