कान्हेरीचे लेख आणि गॅझेटियरची मांडणी

ठाण्याच्या वर्तकनगरांतून पश्चिमेस पाहिलें म्हणजे येऊरचे डोंगर दिसतात. त्यांच्या पलीकडे कान्हेरीचीं शंभरांहून अधिक लेणीं आहेत. तेथील लेखांशीं आमच्याकडील पुष्कळ जिज्ञासूंचा पहिला परिचय कॅम्बेलसाहेबांच्या ठाणें जिल्ह्याच्या गॅझेटियरांतून (इ. स. १८८२) होतो. पंडित भगवानलाल इंद्रजी यांच्या साह्यानें सिद्ध झालेल्या त्या वर्णनाचें मोल मोठें आहे, हें आरंभींच मान्य केलें पाहिजे. तथापि त्याच्या मांडणींतील एक दोष अद्यापि आपल्या विचारास आड येतो.

तेथें लेख लेण्यांच्या क्रमानें दिले आहेत. वाटाड्यास हा क्रम सोयीचा. इतिहासाच्या अभ्यासकास नव्हे. शिवाय निरनिराळ्या पंडितांनीं लेण्यांस निरनिराळे क्रमांक दिल्यानें घोटाळा वाढतो. तेच लेख दाता, गांव व हेतु यांवरून लावले तर चित्र पालटतें. कल्याणचा सोनार सामिदत्त पाण्याची पोढी, म्हणजे टाकें, खोदवितो. मंगलथाण, म्हणजे मागाठाणें, येथील शेत भिक्षूंच्या निर्वाहास लावून दिलेलें आढळतें. खुद्द कल्याणांतील अंबालिका विहाराचें नांव याच डोंगरावर कोरलेलें आहे; आणि आज त्या विहाराचा मागमूसहि कल्याणांत नाहीं. तेव्हां ‘कण्हसेल’ म्हणजे केवळ एकांतवासी यतींचा कृष्णशैल नव्हे. भोंवतालच्या नगरांच्या द्रव्यावर व श्रद्धेवर चाललेली ती एक संस्था होती.

संग्राहकांस विशेष विचार करावयास लावील असा लेख शिलाहार पुल्लशक्तीच्या काळचा, इसवी सनाच्या नवव्या शतकांतील आहे. त्यांत पूजा, विहाराची डागडुजी व भिक्षूंचीं वस्त्रें यांच्याबरोबर पुस्तकांसाठींहि द्रम्म नेमून दिले आहेत. एवढ्यावरून मोठ्या ग्रंथालयाची कल्पना रचणें धाडसाचें होईल. परंतु पोथ्या होत्या व त्यांची तजवीज होत असे, इतकें निःसंशय. चेक देशांतील टेप्ला या लहानशा गांवचा मठ इ. स. ११९३ मध्यें स्थापन झाला. इ. स. १९५० मध्यें सरकारनें तो बंद केला. तरीहि सुमारें एक लक्ष ग्रंथांचा तेथील संग्रह टिकला. कान्हेरीच्या पोथ्यांचें एक पानहि आपल्या हातीं नाहीं. उरली ती दगडावरील नोंद.

ती नोंद हीच आपली पोथी होय. पावसानें व अडाणी हातांनीं तिचीं अक्षरें झिजत आहेत. आपण पोथीचें एक सुटें पान मिळालें तरी जपून वेष्टनांत बांधतों. तोच आदर या शिळांस मिळावा. वेस्टनें इ. स. १८६१ मध्यें प्रसिद्ध केलेल्या प्रती, बर्जेस व बूलर यांचीं वाचनें आणि डॉ. शोभना गोखले यांचा इ. स. १९९१ चा ग्रंथ समोर ठेवून प्रत्येक लेख मूळ शिळेशीं पुन्हा ताडून पाहावा, आणि दाते व गांवें यांची सूची करावी. गॅझेटियरवर टीका करण्याचा अधिकार आपणांस या श्रमानेंच येईल.