आधी पोट, मग दंड, शेवटी मांड्या

प्लॅन कागदावर जेमतेम पाच ओळींचा असतो. एकेचाळीस वर्षांची बाई; लठ्ठपणावरच्या (बेरियाट्रिक) शस्त्रक्रियेनंतर वजन १२६ किलोवरून ७२ वर आलेलं आणि गेले सहा महिने तिथेच टिकलेलं. पहिला टप्पा : कमरेभोवती संपूर्ण बॉडी लिफ्ट. मध्ये किमान चार महिने. दुसरा टप्पा : स्तन, दंड, पाठीचा वरचा भाग. पुन्हा वजन, पुन्हा हिमोग्लोबिन, पुन्हा मार्किंग. तिसरा टप्पा : मांड्या, उभा छेद. बाई मी उदाहरणासाठी उभी केली आहे. क्रम मात्र खरा आहे, आणि सावकाश वाचावा असा आहे.

मी भूलतज्ज्ञ. सुरी माझ्या हातात नसते, त्यामुळे रसिकपणाची चैन मला परवडते. टेबलाच्या डोक्याशी बसून एक आवड पक्की होत गेली. सुबक टाके घालणारे हात पुष्कळ असतात. पण कशानंतर काय करायचं आणि आज कशाला हात लावायचा नाही हे ज्याला नेमकं उमजलं आहे, त्याचं काम बघत बसावंसं वाटतं.

पन्नास-पंचावन्न किलो उतरले तरी कातडी मागे फिरत नाही. वर्षानुवर्षं ताणलेले तिच्यातले लवचीक तंतू तुटलेले, विरळ झालेले असतात. पोटाची घडी मांड्यांवर लोंबते, तिच्याखाली घाम साचून पुरळ उठतं. पाठीवर वळ्या पडतात. दंडाखालची सैल कातडी काखेतून थेट छातीच्या कडेला उतरते. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या पिट्सबर्ग मोजपट्टीत या शरीराचे दहा भाग केले आहेत आणि प्रत्येकाला शून्य ते तीन असे गुण दिले आहेत. नोंदीसाठी ती उत्तम आहे. पण कातडीला हे दहा भाग ठाऊक नसतात. पोटाला ओढ दिली की स्तनांची खालची घडी सरकते, कंबर वर घेतली की मांडीची बाहेरची बाजू चढते. क्रमाचा सगळा खेळ या ओढीतून सुरू होतो.

म्हणून पहिल्या टप्प्याची ओळ. सगळ्यात मोठी, सगळ्यात दमवणारी शस्त्रक्रिया आधी का? कारण बाकीच्या जागा सरकवणारी ओढ तिचीच. लोंबणारं पोट आडव्या छेदाने काढून टाकल्याची नोंद बाल्टिमोरच्या हॉवर्ड केली यांनी १८९९ मध्येच केली होती, आणि १९६० मध्ये मेक्सिकोच्या मारिओ गोन्झालेझ-उयोआ यांनी तो छेद कमरेभोवती पूर्ण फिरवला. काढणं तेव्हापासून येत होतं. उचलून धरणं कॅन्ससच्या टेड लॉकवूड यांच्यापासून नीट येऊ लागलं, असं माझं मत. कातडीखालच्या चरबीत संयोजी ऊतीचं एक पातळ पण चिवट जाळं असतं. १९९१ साली त्यांनी त्याचं महत्त्व मांडलं : ताण कातडीवर देऊ नका, या जाळ्यावर द्या. जाळ्यात टाका बसला की वरच्या कातडीच्या कडा एकमेकींना नुसत्या टेकतात, आणि व्रण रुंद होत नाही, खाली घसरत नाही.

पण माझं मन जडलंय ते त्यांच्या १९९५ च्या निबंधातल्या निरीक्षणावर. पोटाची कातडी सैल पडते ती सगळीकडे सारखी नाही. मध्यरेषेवर ती खालच्या पांढऱ्या पट्ट्याला बऱ्यापैकी घट्ट चिकटलेली असते. खरा सैलपणा दोन्ही कुशींना असतो. त्याआधीच्या पद्धतीत सर्जन कातडी मधोमध खाली ओढत आणि जास्तीत जास्त भाग तिथूनच कापत. लॉकवूडनी ओढ कुशींकडे नेली. यात शरीररचनेचं वाचन आहेच, पण रक्ताचंही आहे. पोटाची कातडी सोडवताना स्नायूंतून वर येणाऱ्या मधल्या रक्तवाहिन्या कापाव्या लागतात. मग उरलेलं रक्त बरगड्यांच्या आणि कमरेच्या बाजूने, कडेकडून येतं. त्याला सगळ्यात दूर पडतो तो नाभीखालचा मधला भाग. म्हणजे जिथे रक्त सगळ्यात कमी, तिथेच जुनी पद्धत सगळ्यात जास्त ताण देत होती. ताण कुशींना नेल्यावर कंबरेला आकार आला आणि मधला गरीब भागही वाचला. एका निर्णयात दोन्ही गोष्टी! पित्ताशयाच्या जुन्या उघड्या शस्त्रक्रियेचा उजव्या बरगडीखालचा तिरका व्रण असेल, तर कडेकडून येणाऱ्या रक्ताची त्या बाजूची वाट आधीच अडलेली असते. असा व्रण दिसला की चांगला सर्जन आपली रेघ पुसून पुन्हा काढतो.

इथे शिंप्याची उपमा सगळ्यांना सुचते. मला ती अपुरी वाटते. कापडाला रक्त लागत नाही, आणि एकीकडे चूण घातली म्हणून दुसरीकडची बाही चार महिन्यांनी जागा बदलत नाही.

रेघ कुठे असावी यातही घराणी आहेत. आयोवातल्या अल अली यांच्या बेल्ट लायपेक्टमीत व्रण थोडा वर बसतो आणि कंबर खुलते. लॉकवूडच्या लोअर बॉडी लिफ्टमध्ये तो खाली असतो, मांड्या आणि नितंब अधिक उचलले जातात. आपल्याकडे साडी नेसणाऱ्या बाईसाठी यात आणखी एक प्रश्न असतो, जो पाश्चात्त्य पुस्तकांत सापडायचा नाही : परकराची नाडी कुठे बसते? वर बसलेला ताजा व्रण दिवसभर त्या नाडीखाली घासत राहणार. मार्किंगच्या आदल्या दिवशी बाईला रोजचा परकर नेसून यायला सांगणारा सर्जन माझ्या लेखी रसिक.

मार्किंग उभ्यानेच होतं, आणि त्यातला एक भाग मला नाट्यमय वाटतो. पाठीवरच्या रेघा काढताना बाईला पुढे वाकायला सांगतात. कारण उद्या आधी तिला पोटावर पालथं झोपवून पाठ शिवायची आहे आणि मग उलटवून, कंबरेत वाकवून पोट शिवायचं आहे. पोट शिवताना शरीर वाकलं की पाठीचे ताजे टाके ताणले जाणार. सरळ उभ्या शरीरावर पाठीची रेघ आखली, तर तिथे जास्त कातडी कापली जाईल आणि पोट शिवताना पाठीच्या मधोमध जखम उघडण्याचा धोका. म्हणून पाठीची रेघ काढतानाच पोटाचं वाकणं हिशेबात धरायचं. पुढची शस्त्रक्रिया मागच्या रेघेत आधीच आलेली असते.

(ही उलटवण्याची वेळ माझी. नळी, सलाइनच्या लाइन्स, डोळे, मान, आणि गार पडू पाहणारं शरीर. एवढं अंग उघडं राहिलं की तापमान भराभर उतरतं. गार शरीरात रक्त नीट गोठत नाही आणि जखमेत जंतुसंसर्गाचा धोकाही वाढतो. सर्जनच्या कविता या दहा मिनिटांत मला गद्य वाटतात.)

‘मध्ये किमान चार महिने’ ही ओळ लोक वाचतच नाहीत. लठ्ठपणाच्या शस्त्रक्रियेत जठर बायपास झालं की लोह आणि बी-१२ नीट शोषलं जात नाही. मोठ्या शस्त्रक्रियेत गेलेलं रक्त भरून यायला वेळ लागतो. रोज सत्तर-ऐंशी ग्रॅम प्रथिनं पोटात जायला हवीत आणि लहान झालेल्या पोटात ती मावत नाहीत. सूज उतरते, कातडी थोडी बसते, थोडी पुन्हा सैल पडते. वजन पाच-सात किलोने वर-खाली झालं तर कागदावरचा पुढचा सगळा हिशेब बिघडतो. ‘पुन्हा मार्किंग’ या दोन शब्दांत सर्जनचा विनय आहे : दुसऱ्या टप्प्याचं शरीर अजून मला दिसलेलं नाही, ते दिसल्यावर आखीन.

दुसऱ्या टप्प्यावर फार थांबत नाही. पोटाच्या छेदाच्या वरच्या कातडीला ओढ खाली असते आणि स्तनांच्या खालच्या घडीलाही ती थोडी खाली आणते. म्हणून ती घडी कुठे स्थिरावली हे कळल्यावरच स्तनांना हात लावणं मला शहाणपणाचं वाटतं. दंडाचा छेद काख ओलांडून छातीच्या कडेला येतो, स्तनांचा छेदही तिथेच जातो, तेव्हा ही दोन कामं एकत्र. दंड पहिल्या टप्प्यात का घेत नाहीत, याचं एक साधं उत्तर मला नर्सकडून कळलं : पोट शिवलेल्या बाईला पलंगावरून उठायला स्वतःचे हात लागतात.

मांड्या मात्र शेवटी, आणि यावर मी अडून बसेन. मांडीचा आतला भाग जांघेतल्या आडव्या छेदाने वर ओढला की त्याचं सगळं वजन त्या छेदावर लटकतं. व्रण खाली घसरतो, योनिमुखाच्या कडा बाहेर ओढल्या जाऊ शकतात. लॉकवूडनीच १९८८ मध्ये जांघेतल्या कॉलिस फॅशिया या चिवट पडद्याला मांडी अडकवायची युक्ती दिली, आणि पुढे अनेकांनी उभ्या छेदाने मांडीचा घेरच कमी करायला सुरुवात केली. आता समजा हे आधी केलं आणि मग पोट घेतलं. छेदाखालच्या कातडीला पोटाची ओढ वर, जांघेतल्या व्रणाची खाली. दोन ओढी एकाच चिंचोळ्या पट्टीत भांडणार. उलट पोट आधी झालं, तर मांडीची बाहेरची बाजू आणि आतलाही वरचा थोडा भाग त्याच ओढीत उचलला जातो. मांडीला काम उरतं ते कमी, आणि कोणतं ते स्पष्ट दिसतं. शिवाय मांडीच्या आत मोठी शीर आणि लसीकावाहिन्या आहेत. त्या जपल्या तरी सूज महिनोन्‌महिने रेंगाळते. एवढी सूज घेऊन पुढच्या शस्त्रक्रियेला कोणी येऊ नये.

याला विरोध करणारा पक्ष आहे, आणि तो हलका नाही. पिट्सबर्गच्या डेनिस हर्विट्झ यांनी २००४ साली एकाच बैठकीत संपूर्ण शरीराचा लिफ्ट मांडला. निवडक रुग्ण आणि सरावलेला संघ असेल तर वरची आणि खालची ओढ एकाच वेळी तोलता येते, आणि बाईला एकदाच अंथरूण धरावं लागतं. हे शेवटचं कारण मला सगळ्यात वजनदार वाटतं. भारतात विमा नियामकाच्या अटी पूर्ण केल्या तर लठ्ठपणाची शस्त्रक्रिया विम्यात बसते. नंतर उरलेली कातडी मात्र बहुधा ‘कॉस्मेटिक’ ठरून वगळली जाते. म्हणजे प्रत्येक टप्पा स्वतःच्या खिशातून, स्वतःच्या रजेतून. तरीही सहा तासांच्या पुढे गेलेली शस्त्रक्रिया, पायाच्या शिरेत गुठळी होण्याची वाढती भीती, आणि एकाच वेळी सगळीकडे जखमा असलेली, कुठल्याच कुशीवर नीट झोपू न शकणारी बाई, हे मी माझ्या बाजूने बघतो, आणि मला टप्पेच भावतात.

टप्प्यांच्या क्रमात आणखी एक सोय आहे. यातला प्रत्येक टप्पा आपापल्या जागी पूर्ण आहे. पोट झाल्यावर पुरळ गेलं, चालणं सुधारलं, आणि बाई म्हणाली की आता पुरे, तर प्लॅन अर्धवट पडलाय असं दिसत नाही. कोणी दंडांपर्यंत येते आणि मांड्यांना सलवार आहेच म्हणून थांबते. मांड्यांपासून सुरुवात केली असती, तर पोट करणं भागच पडलं असतं.