पंपाच्या तक्त्यात काय नाही

नवा पंप घेतला की खोक्यातून एक माहितीपत्रक मिळते. त्यात बहुधा तीन रकान्यांचा एक तक्ता असतो : बिघाड, कारण, उपाय. पुण्यातल्या बहुतेक सोसायट्यांत जमिनीखालच्या टाकीतले पाणी गच्चीवर चढवायला पंप लागतो, आणि तो बहुधा केंद्रोत्सारी म्हणजे सेंट्रिफ्यूगल जातीचा असतो. किर्लोस्करवाडीला असे पंप १९२० च्या दशकातच बनू लागले होते, तेव्हा हे यंत्र आपल्याला नवे नाही. घरोघरी पोहोचलेला हा तक्ता विज्ञानाचे लिखाण म्हणून कसा आहे, हे शिक्षकांनी एकदा तपासायला हवे.

तो खोटा मुळीच नाही. ‘पाणी येत नाही’ या तक्रारीसमोर कारणे असतात : पंपात पाणी भरलेले नाही, सक्शन पाइपात हवा शिरते, फूटव्हॉल्व्ह गळतो, उचल जास्त आहे, पंखा तुंबला आहे, फिरण्याची दिशा उलटी आहे. पण ही किराणा मालाची यादी झाली. आधी काय पाहायचे, एका कारणाचे दुसऱ्याशी नाते काय, याचा त्यात पत्ता नाही. मग माणूस अंदाजाने एकेक भाग बदलत सुटतो. पैसे जातात आणि टाकी कोरडीच राहते.

मुळात एक वाक्य गाळलेले आहे : पंप पाणी ओढत नाही. पंखा पाणी कडेला फेकतो, त्यामुळे मध्याशी दाब कमी होतो आणि टाकीतल्या पाण्यावरची हवा पाणी पाइपातून वर ढकलते. एवढे सांगितले की पहिली तीन कारणे एकाच कारणाची तीन रूपे ठरतात. पंखा पाणी २० मीटर चढवू शकतो असे धरा. तोच पंखा त्याच वेगाने हवेत फिरला, तर हवेचा २० मीटर उंचीचा स्तंभ पेलेल एवढाच दाबातला फरक निर्माण होतो. हवा पाण्याहून आठशे पटींहून अधिक हलकी. म्हणजे पाण्याच्या हिशेबात ही उचल जेमतेम अडीच सेंटिमीटर! टाकीतले पाणी तर दोन मीटर खाली. प्लंबर म्हणतो, ‘पंपानं हवा धरली.’ माझ्या मते हे तक्त्यापेक्षा नेमके आहे.

‘सांध्यांतून गळती नाही ना, पाहा’ हा उपायही फसवा आहे. पंप चालू असताना सक्शन पाइपातला दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी असतो. सांधा सैल असला तरी थेंब बाहेर येत नाही, हवा आत जाते. पाहणाऱ्याला काहीच दिसत नाही. त्यापेक्षा वीज बंद करून पंप आणि पाइप पाण्याने भरावेत आणि भरण्याच्या तोंडाशी पातळी पाहावी. ती उतरू लागली तर संशय आधी फूटव्हॉल्व्हवर.

‘उचल जास्त’ याबद्दल तक्ता आकडा देत असला, तरी तो कुठून आला हे सांगत नाही. गॅलिलिओने १६३८ च्या ग्रंथात नोंदवले की चोषण पंप ठरावीक उंचीपलीकडे पाणी चढवत नाही. तोरिचेल्लीने याचा उलगडा हवेच्या दाबाने केला. समुद्रसपाटीला ही मर्यादा सुमारे १०.३ मीटर. पुणे सुमारे ५६० मीटर उंचीवर आहे, त्यामुळे इथे ती ९.६ मीटरच्या आसपास येते. पाइपातले घर्षण आणि पंपाची स्वतःची गरज वजा जाता हाती सहा-सात मीटर उरतात. सोसायटीच्या टाकीला ही अडचण सहसा येत नाही. पुरंदरच्या एखाद्या विहिरीवर मात्र मे महिन्यात हेच कारण आधी तपासावे लागेल. कारणांचा क्रम जागेप्रमाणे बदलतो. तक्त्यात त्याला जागाच नाही.

उलट्या दिशेची ओळ तर मला सर्वांत खटकते. थ्री-फेज मोटरच्या दोन तारांची अदलाबदल झाली की ती उलटी फिरते. पण पंखा उलटा फिरला तरी पाणी कडेलाच फेकतो! त्यामुळे पाणी बरेचदा येते. कमी येते आणि पुरेसे चढत नाही. ‘पाणी येत नाही’ याखाली ही ओळ वाचलेला माणूस, पाणी येते आहे म्हणून दिशेचा विचारच सोडून देतो. वायरिंगचे काम झाल्यावर पंप मंदावला, तर आधी कवचावरचा बाण आणि फिरण्याची दिशा ताडून पाहावी.

वर्गात हा तक्ता वाचायला द्यावा आणि विचारावे : पंप टाकीच्या तळापेक्षाही खाली बसवला असेल, तर यातल्या कोणत्या ओळी खोडाल? फूटव्हॉल्व्हची ओळ बहुतेक मुले खोडतील. पंपात पाणी भरण्याची ओळ ठेवायची की नाही, यावर मात्र वाद होऊ द्यावा. तिथे पाणी आपोआप भरते खरे, पण आतली हवा बाहेर पडायला वाट मिळाली तरच.