‘धग’ ते ‘बारोमास’ : वऱ्हाडच्या शतकाची साक्ष

इ. स. 1900 च्या सुमारास पातुरास जन्मलेला व साठ वर्षें जगलेला एखादा शेतकरी आपण डोळ्यांपुढें आणूं. त्यानें गांवची शीव कधीं ओलांडली नसली, तरी सहा राज्यव्यवस्था त्याच्या दारावरून गेल्या असें दिसेल. तो जन्मला तेव्हां वऱ्हाड नांवाला निजामाचें व अंमल इंग्रजांचा, अशी 1853 पासून चालत आलेली स्थिति होती. 1902 त सालीना 25 लाख रुपयांच्या खंडानें हा मुलूख इंग्रजांनीं कायमचा घेतला व पुढच्याच वर्षीं तो मध्यप्रांतास जोडून दिला. त्यानंतर 1936 त ‘मध्यप्रांत व वऱ्हाड’, 1950 त मध्यप्रदेश, 1956 त द्वैभाषिक मुंबई आणि 1960 त महाराष्ट्र, असा या मुलखाचा पत्ता बदलत गेला. विसाव्या शतकांतील वऱ्हाडचा इतिहास म्हणून शाळेंत जें शिकविलें जातें तें बहुधा एवढेंच. त्या शेतकऱ्याच्या चुलीपाशीं काय बदललें, त्याच्या बायकोनें कसली आशा धरली व नातवाच्या पदरांत काय पडलें, हें विचारावयाचें झाल्यास कादंबरीकारांकडेच जावें लागतें. अशा दोन साक्षीदारांची जबानी एकत्र वाचून पाहावी, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

पहिला साक्षीदार उद्धव शेळके. त्यांची ‘धग’ ही कादंबरी 1960 त, म्हणजे महाराष्ट्र राज्य जन्मलें त्याच वर्षीं, प्रसिद्ध झाली. दुसरे बुलढाणा जिल्ह्यांतील सदानंद देशमुख. त्यांची ‘बारोमास’ 2002 त निघाली व 2004 त तिला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. मध्यें बेचाळीस वर्षांचें अंतर आहे. मराठी समीक्षेनें दोहोंचेंही कौतुक केलें आहे. परंतु तें निरनिराळ्या दालनांत बसवून. एकीस ‘प्रादेशिक’ म्हटलें, दुसरीस ‘शेतकरी-जीवनाची’. आमच्या मतें या दोन कादंबऱ्या एकाच प्रश्नाचे पूर्वार्ध व उत्तरार्ध आहेत, आणि तो प्रश्न शिक्षणाचा आहे.

‘धग’ची नायिका कौतिक ही एका शिंप्याची बायको. नवऱ्याच्या, महादेवाच्या, हातून संसार ओढला जात नाहीं. म्हणून ती स्वतः मोलमजुरीस जाते, दारिद्र्याशीं झगडते व अखेर त्या झगड्यांतच संपते. एवढ्या कथानकावर कोणीहि लेखक रडें माजविता. शेळके तसें करीत नाहींत. ते कोणास दोष देत नाहींत व उपदेशहि करीत नाहींत. हातांत किती दाणे, अंगावर किती चिंध्या, कोणाचें देणें किती, हें निमूटपणें सांगत जातात. या काटकसरींत त्यांची कला आहे. परंतु या अंधारांत कौतिकच्या मनांत एक दिवा शेवटपर्यंत तेवत असतो, आणि तो म्हणजे मुलगा शिकावा ही इच्छा. लिहितांवाचतां आलें कीं या धगीतून एक तरी जीव बाहेर पडेल, अशी तिची श्रद्धा आहे.

ही श्रद्धा एकट्या कौतिकची नव्हती. पंजाबराव देशमुखांनीं 1932 त अमरावतीस श्रीशिवाजी शिक्षणसंस्था काढली ती याच श्रद्धेच्या बळावर. ज्या घरांत पूर्वीं पाटी आली नव्हती, त्या घरांत शाळा, वसतिगृह व पुढें महाविद्यालय पोहोंचविण्याचें काम या व अशा संस्थांनीं वऱ्हाडांत केलें. त्याचें मोल कमी लेखणें हा कृतघ्नपणा होईल.

येथें इंग्रजी वाङ्मयांतील एका पुस्तकाची आठवण होते. टॉमस हार्डीची ‘ज्यूड दि ऑब्स्क्यूअर’ 1895 त पुस्तकरूपानें निघाली. तिचा नायक दगड घडविणारा कारागीर. विद्यापीठांत शिरावें हा त्याचा ध्यास. पण एका महाविद्यालयाचा प्रमुख त्याला आपल्या पायरीनें राहण्याचा सल्ला पत्रानें देतो, आणि त्याच विद्यापीठाच्या भिंतींचे दगड दुरुस्त करण्याचें काम त्याच्या वांट्याला येतें. ज्यूड दाराबाहेर राहिला. कौतिकनें आपल्या मुलास दारापर्यंत नेलें. दार उघडल्यावर पुढें काय झालें, हें सांगावयास ‘बारोमास’ यावी लागली.

‘बारोमास’चा एकनाथ शेतकऱ्याचा मुलगा असून एम. ए. पर्यंत शिकलेला आहे. दार त्याच्यासाठीं उघडलें, तो आंत गेला, परीक्षा उतरला व बाहेर आला. नोकरीसाठीं संस्थेस जी रक्कम मोजावी लागते ती मात्र त्याच्याजवळ नाहीं. नोकरी लागेल या भरंवशावर त्याच्याशीं लग्न केलेली शहरांतील अलका त्या घरांत रमत नाहीं व निघून जाते. मागें उरते ती पावसाच्या तोंडाकडे पाहणारी कोरडवाहू शेती. विदर्भांतील 6 जिल्ह्यांसाठीं पंतप्रधानांनीं 2006 त विशेष मदत जाहीर केली व त्यांत अकोला आणि बुलढाणा हे दोन्ही जिल्हे होते. त्याच्या 4 वर्षें आधीं ही कादंबरी लिहून छापून झाली होती. एकनाथाचें दुःख कौतिकच्या दुःखाहून निराळें आहे. तिला भूक होती, पण उद्याची आशाहि होती. याला आपली स्थिति नेमकी कळते, तिचीं कारणें सांगतां येतात, आणि तरीहि कांहीं करितां येत नाहीं. ही कळण्याची शक्ति त्याला शिक्षणानेंच दिली आहे.

कलेच्या तराजूंत मात्र दोन्ही पारडीं सारखीं राहत नाहींत. ‘बारोमास’मधील पात्रें पुष्कळदां प्रश्नावर व्याख्यान देऊं लागतात, संकटांवर संकटें रचिलीं जातात व त्यांच्या ओझ्याखालीं एखादें माणूस दिसेनासें होतें. शेळक्यांचा संयम देशमुखांपाशीं नाहीं. परंतु याचें एक कारण विषयांतच आहे असें वाटतें. कौतिकला बोलण्यास फुरसत नव्हती व शब्दहि नव्हते. एकनाथाजवळ शब्दांवांचून दुसरें कांहींच उरलेलें नाहीं. दोष तो दोषच. पण तो कोठून आला हें समीक्षकानें पाहावयास हवें.

आतां ‘प्रादेशिक’ या शिक्क्याविषयीं. पातूर हें घाटाच्या पायथ्याचें गांव. अकोल्याहून वाशिमकडे जाणारी सडक येथून पुढें घाट चढूं लागते. खालीं पूर्णेच्या खोऱ्यांतील काळी जमीन, वर बालाघाटाचें पठार. येथील मुलगा महाविद्यालयाच्या वर्गांत ‘धग’ वाचावयास घेतो तेव्हां तिच्यांतील बोली त्याच्या आईची असते. आम्ही प्राध्यापक त्याला काय विचारतों? ‘या कादंबरींतील वऱ्हाडी बोलीचीं वैशिष्ट्यें सोदाहरण लिहा.’ म्हणजे ज्या बोलींत त्याच्या घरीं कर्जाचा, लग्नाचा व मरणाचा विचार होतो, ती आम्ही त्याला अलंकारासारखी मोजावयास लावतों. कौतिक काय मागत होती व तें तिच्या नातवांस मिळालें काय, हें विचारण्याचें धैर्य आम्हांस होत नाहीं. कारण त्या उत्तरांत आमचीहि झडती आहे. पदव्या आम्हीच वांटल्या.

1912 त अकोल्यास साहित्यसंमेलन भरलें तेव्हां अध्यक्षस्थानीं हरि नारायण आपटे होते. पुण्यांतील मध्यमवर्गाच्या घरांत कोंडलेल्या स्त्रीचें दुःख त्यांनीं मराठीस ऐकविलें होतें. 1981 त त्याच अकोल्यास परतवाड्यास जन्मलेले व ‘पूर्णामायची लेकरं’ लिहिणारे गो. नी. दांडेकर अध्यक्ष झाले. सत्तर वर्षांत वऱ्हाडी बोली मंडपाच्या दारांतून व्यासपीठावर आली, हा लहानसहान फरक नव्हे. पण बोलीला मान मिळाला म्हणून बोलणाराचें म्हणणें ऐकलें गेलें असें होत नाहीं.

सुशिक्षित कुटुंबांतील वाचकांस आमची सूचना एवढीच कीं, हीं दोन पुस्तकें एकापाठोपाठ एक, याच क्रमानें वाचावीं. ‘धग’ संपवितांना आपला मुलगा शिकावा म्हणून झिजलेली बाई आपल्याहि घराण्यांत दोन-तीन पिढ्यांमागें कोणी होती काय, हें आठवून पाहावें. बहुतेकांस ती सांपडेल. मग ‘बारोमास’ उघडावी.