शिक्का आयएसओचा, वागणं आपापलं

कवितेची समीक्षा होते, सिनेमाची होते, हल्ली वेबसिरीजच्या ट्रेलरचीही होते. सॉफ्टवेअरच्या मॅन्युअलची मात्र कुणी करत नाही. अडलं की ते उघडायचं, सुटलं की बंद करायचं. पण मॅन्युअल हेही कुणीतरी कुणासाठी तरी लिहिलेलं गद्यच असतं. ‘हे दिलंत तर ते मिळेल’ असं वचन त्यात पानोपानी असतं, आणि वचन आलं की ते पाळलं का, हे विचारता येतं. प्रोलॉग या भाषेच्या दोन मॅन्युअलांना मी इथे तेच विचारणार आहे.

आधी भाषेची थोडी ओळख. प्रोलॉगचा जन्म १९७२ च्या सुमारास फ्रान्समधल्या मार्सेय इथे झाला. ॲलन कोलमेरोए आणि फिलिप रुसेल यांनी ती घडवली, तर्कशास्त्राची बाजू रॉबर्ट कोवाल्स्की यांच्या कामातून आली. इतर भाषांमध्ये आपण संगणकाला ‘हे कर, मग ते कर’ असं सांगतो. प्रोलॉगमध्ये आपण विधानं मांडतो. सोलापूर महाराष्ट्रात आहे, महाराष्ट्र भारतात आहे, एक जागा दुसरीत आणि दुसरी तिसरीत असेल तर पहिली तिसरीत असते. मग विचारायचं, सोलापूर भारतात आहे का? उत्तर भाषा शोधते. आपल्याकडे इंजिनिअरिंग केलेल्या अनेकांची तिच्याशी ओळख एआयच्या प्रॅक्टिकलपुरती असते. जर्नल तपासून झालं की ओळख संपते.

या भाषेत काही हत्यारं तयार मिळतात, त्यांना बिल्ट-इन प्रेडिकेट म्हणतात. शब्दाची लांबी मोजणं, संख्यांची तुलना करणं, यादी क्रमाने लावणं, अशी कामं ती करतात. पण प्रोलॉग एकच नाही. एडिंबरोची वेगळी, मार्सेयची वेगळी, पुढे प्रत्येक विद्यापीठाची आणि कंपनीची वेगळी. एकीकडे चालणारा प्रोग्राम दुसरीकडे अडखळू लागला, तेव्हा १९९५ मध्ये आयएसओने प्रोलॉगचं प्रमाण प्रसिद्ध केलं. त्याचा क्रमांक १३२११, भाग पहिला. २००७, २०१२ आणि २०१७ मध्ये त्याला दुरुस्त्या जोडल्या गेल्या. कोणतं प्रेडिकेट काय घेईल, काय देईल आणि चुकीचं काही दिलं तर नेमकी कोणती त्रुटी दाखवेल, हे त्यात एकेक करून लिहिलं आहे.

१९९५ च्या या प्रमाणात काय नाही, हे कळलं की धक्का बसतो. प्रोलॉगच्या जवळपास प्रत्येक पुस्तकात पहिल्या काही धड्यांत येणारी ‘अपेंड’ आणि ‘मेंबर’ ही प्रेडिकेटं त्यात नाहीत. यादीची लांबी सांगणारं ‘लेंग्थ’ नाही. ‘असर्ट-ए’ आणि ‘असर्ट-झेड’ आहेत, पण सगळे सर्रास वापरतात ते साधं ‘असर्ट’ नाही. म्हणजे आपण ज्याला ‘प्रोलॉग’ म्हणून शिकतो, त्यातलं बरंचसं रूढीने चालत आलेलं आहे, प्रमाणाने नव्हे.

हे विद्यार्थ्याला कळणार कुठून? प्रमाणाचा मूळ दस्तऐवज विकत घ्यावा लागतो, आणि एका प्रॅक्टिकलसाठी सोलापुरातला मुलगा परकीय चलनात पैसे भरून तो घेणार नाही. त्याच्यासाठी मॅन्युअल हाच प्रमाणाकडे उघडणारा एकमेव झरोका. म्हणून तिथल्या ‘आयएसओ’ या छोट्याशा खुणेवर फार मोठा भार येतो. ती खूण बघून तो समजतो की हे सगळीकडे असंच चालेल.

पहिलं मॅन्युअल डॅनियल डियाझ यांच्या ग्नू प्रोलॉगचं. त्याची शैली सरकारी नोंदवहीसारखी आहे. प्रत्येक प्रेडिकेटखाली तेच चार मथळे त्याच क्रमाने येतात: साचे, वर्णन, त्रुटी आणि शेवटी पोर्टेबिलिटी, म्हणजे हे दुसरीकडे चालेल का. या शेवटच्या मथळ्याखाली बहुतेकदा एकच वाक्य असतं. प्रेडिकेट आयएसओचं आहे, किंवा ग्नू प्रोलॉगचं स्वतःचं आहे. वाचायला रुक्ष, पण शोधणाऱ्याला हवं ते हमखास ठरल्या जागी सापडतं. त्रुटींची यादी वेगळी दिल्यामुळे प्रेडिकेट कुठे नाही म्हणेल, हेही दिसतं.

दुसरं मॅन्युअल एसडब्ल्यूआय प्रोलॉगचं. यान विलेमाकर यांनी १९८७ मध्ये ॲमस्टरडॅममध्ये सुरू केलेली ही प्रणाली आज सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्यांपैकी आहे, आणि फोनच्या ब्राउझरमध्येही चालवून बघता येते. तिचं मॅन्युअल गप्पिष्ट आहे. कारणं देतं, सल्ले देतं, मधूनच कुरकुरतं. प्रमाणातल्या प्रेडिकेटच्या नावाशेजारी ते कंसात ‘आयएसओ’ असा शिक्का मारतं.

आता या शिक्क्याची परीक्षा घेऊ. शब्दाची लांबी सांगणारं प्रेडिकेट म्हणजे ‘ॲटम-लेंग्थ’. प्रमाण म्हणतं, याला शब्द, म्हणजे ॲटम, द्यायचा. संख्या दिली तर प्रकार चुकल्याची त्रुटी आली पाहिजे. एसडब्ल्यूआयला १ ही संख्या द्या, ती निमूटपणे लांबी १ सांगते. शिक्का मात्र जागेवरच. भागाकार बघा. ४ भागिले २ याचं उत्तर प्रमाणाच्या वाटेने २.० येतं, एसडब्ल्यूआय नेहमीच्या अवस्थेत पूर्णांक २ देते. १ आणि २.० यांना क्रमाने लावा. प्रमाणात दशांशाच्या प्रकारातली संख्या कायम पूर्णांकाच्या आधी, म्हणून २.० पहिली. एसडब्ल्यूआय किंमत बघते, म्हणून १ पहिला.

मॅन्युअल हे लपवत नाही. ‘ॲटम-लेंग्थ’च्या वर्णनातच ते सांगतं की आमची आवृत्ती जास्त प्रकार स्वीकारते. प्रमाणाप्रमाणे वागायला लावणारी एक खिट्टीही आहे. पण त्या खिट्टीची माहिती वेगळ्या प्रकरणात आहे, आणि तिथे प्रमाणाच्या या सवयींना चक्क ‘विचित्र’ असं विशेषण लावलं आहे. विनोद म्हणून मला ते आवडतं, पण दस्तऐवज म्हणून खटकतं. नावाशेजारी शिक्का, फरक वर्णनाच्या पोटात आणि उपाय तिसऱ्याच प्रकरणात असेल, तर घाईत फोनवर वाचणाऱ्याच्या हाती फक्त शिक्का लागतो.

खरी गफलत शिक्क्याच्या अर्थात आहे. ‘या नावाचं प्रेडिकेट प्रमाणात आहे’ आणि ‘हे प्रेडिकेट प्रमाणाप्रमाणे वागतं’ ही दोन वेगळी विधानं आहेत. शिक्का पहिलं सांगतो, वाचणारा दुसरं समजतो. आमच्याकडच्या चादरीसारखं आहे हे. सोलापुरी चादरीला भौगोलिक निर्देशांक आहे, म्हणजे ते नाव कुणी वापरावं हे ठरलेलं आहे. पण चादर घेताना आपण लेबल वाचून थांबत नाही. घडी उलगडतो, वीण चिमटीत धरून बघतो. लेबल नावाची हमी देतं, विणीची खात्री हातालाच करावी लागते.

मराठी वाचकाला हा प्रश्न आणखी जवळून भिडतो. ‘सोलापूर’ या शब्दाची लांबी किती? डोळ्यांना चार अक्षरं दिसतात. युनिकोडची चिन्हं मोजणारी प्रणाली सात सांगेल, कारण ओकार, काना आणि ऊकार ही तिथे स्वतंत्र चिन्हं आहेत. यूटीएफ-८ मधले बाइट मोजणारी प्रणाली एकवीस सांगेल. गंमत अशी की सात आणि एकवीस ही दोन्ही उत्तरं प्रमाणात बसू शकतात, कारण कोणता चिन्हसंच वापरायचा हे प्रमाणाने प्रणालीवरच सोपवलं आहे. ‘दऱ्या’ हा शब्द तर दोन तऱ्हांनी टाइप होतो. एकीत खास ‘ऱ’ वापरून पाच चिन्हं, दुसरीत साध्या ‘र’पुढे एक अदृश्य जोडचिन्ह घालून सहा. पडद्यावर दोन्ही सारखे दिसतील, पण प्रोलॉगला विचारलंत तर ते दोन वेगळे शब्द आहेत. मराठी नावांच्या याद्या, सातबारे, मतदारयाद्या यांवर काम करणाऱ्या प्रोग्रामला हा फरक महागात पडू शकतो. आणि याबाबत तो आयएसओचा शिक्का एक अक्षरही बोलत नाही.

प्रमाण लिहिणाऱ्यांना याची जाण होती. ज्या गोष्टी त्यांनी प्रणालीवर सोपवल्या, त्या प्रत्येकीबद्दल ‘आम्ही हे निवडलं’ असं सोबतच्या दस्तऐवजात नोंदवणं ही त्यांनी प्रमाणपालनाची अटच केली. शिवाय प्रमाणाबाहेरचं काहीही नाकारणारी एक कडक अवस्था द्यावी, असंही म्हटलं. म्हणजे नीट मॅन्युअल लिहिणं हा प्रमाण पाळण्याचाच भाग आहे.

प्रमाणापासून दूर जाणं हा गुन्हा आहे, असं मात्र मी म्हणत नाही. एसडब्ल्यूआयने केलेले कित्येक बदल सोयीचे आहेत, आणि ती इतकी वापरली जाते याचं एक कारण तेच आहे. बोलीत गोडवा असतो, तो प्रमाणभाषेच्या हट्टापायी घालवू नये, हे मराठी माणसाला वेगळं सांगायला नको. पण बोलीचा कोश करणारा ‘हा शब्द प्रमाण मराठीतही आहे, इकडे त्याचा अर्थ वेगळा’ अशी टीप शब्दासमोरच देतो. तेवढीच अपेक्षा इथे आहे. प्रत्येक प्रेडिकेटखाली तीन ओळी पुरतील: प्रमाण काय म्हणतं, आम्ही काय करतो, आणि प्रमाणाने आमच्यावर सोपवलं तिथे आम्ही काय निवडलं.

हे अशक्य नाही. व्हिएन्नाच्या उलरिक नॉयमेर्केल यांनी व्याकरणाच्या एकेका क्रमांकित उदाहरणावर अनेक प्रोलॉग चालवून कोण प्रमाणाप्रमाणे वागतं याचे तक्ते केले आहेत. लॉगटॉक या प्रकल्पात पावलो मोरा यांनी अशा चाचण्यांचा मोठा संच बांधला आहे. त्यांत मत नाही, विशेषण नाही. हे विचारलं, हे उत्तर आलं, एवढंच. दोन्ही मॅन्युअलांपेक्षा हे गद्य कोरडं आहे, आणि माझ्या मते जास्त प्रामाणिक. ‘प्रमाण’ या शब्दाचा जुना अर्थ पुरावा असाही आहे, तो इथे शब्दशः खरा ठरतो.

हे तक्ते मॅन्युअलात शिरेपर्यंत शिक्का दिसला की वाचकानेच एक चुकीचं उदाहरण देऊन बघावं. शब्दाच्या जागी संख्या द्यावी, रोमनच्या जागी देवनागरी द्यावी. प्रेडिकेट कशाला हो म्हणतं यापेक्षा कशाला नाही म्हणतं, यावरून ते जास्त कळतं.