‘माझा प्रवास’ : पाठ आणि प्रयोजन

वेदमूर्ति विष्णुभट गोडसे वरसईकर यांचा ‘माझा प्रवास’ हा ग्रंथ सत्तावन सालच्या धामधुमीचें साधन म्हणूनच बहुधा वाचला जातो. आरंभींचीं पानें उलटून वाचक झांशीच्या वेढ्याकडे धांव घेतो. आमच्या मतें ग्रंथाची परीक्षा त्या आरंभींच्या पानांपासूनच झाली पाहिजे.

वरसई हें पेणजवळील गांव. घरीं कर्ज झालेलें. भिक्षुकीच्या प्राप्तींत तें फिटण्याजोगें नव्हतें. बायजाबाई शिंदे मथुरेस सर्वतोमुख यज्ञ करणार, हें वर्तमान कळल्यावर विष्णुभट आईबापांस मागें ठेवून काका रामभटांसह १८५७ सालीं उत्तरेस निघाले. परमुलखाविषयीं वडिलांस वाटणारें भय आणि नाइलाजानें मिळालेली संमति हा भाग ग्रंथकारानें मोकळेपणीं लिहिला आहे. पोटासाठीं कोंकण सोडून गिरगांवच्या चाळींत राहिलेल्या कुटुंबांस त्याचें मर्म निराळें सांगावयास नको.

या प्रयोजनामुळेंच त्यांच्या साक्षीस मोल येतें. विष्णुभट शिपाई नव्हते, मुत्सद्दीही नव्हते. एप्रिल १८५८ मध्यें झांशी पडली तेव्हां ते शहरांतच होते. राणीविषयींचा त्यांचा आदर उघड आहे. तथापि शहराच्या नाशाबरोबर आपली दक्षिणा लुटली गेल्याचें दुःखही ते लपवीत नाहींत. कर्जफेडीचें द्रव्य गेलें. घरीं परततांना आईबापांसाठीं गंगोदक मात्र आणलें.

दोष सांगणें प्राप्त आहे. हकीकत १८८३ सालीं, म्हणजे पंचवीस वर्षांनीं, आठवणीवरून लिहिलेली आहे. म्हणून पाहिलेलें व ऐकलेलें यांचा विवेक करून तिथि समकालीन कागदांशीं ताडून घ्याव्या.

पाठाचा प्रश्न याहून नाजूक. चिंतामणराव वैद्य यांनीं भटजींकडून हकीकत लिहवून घेतली व १९०७ सालीं छापली, हे त्यांचे उपकार थोर. परंतु छापतांना मूळ लेखांत फेरफार केले. दत्तो वामन पोतदारांनीं १९६६ सालीं मूळ हस्तलिखितावरून आवृत्ति काढली. तेव्हां भाषेचा वा वृत्तांताचा आधार देतांना हीच आवृत्ति प्रमाण धरावी.

संग्राहकांस एक विनंति. दप्तर चाळतांना सनदा राखून कर्जरोखे, घरखर्चाच्या याद्या व परगांवाहून आलेलीं पत्रें रद्दींत टाकूं नयेत. माणसें घर कां सोडीत, याचा पुरावा बहुधा त्यांतच असतो.